अक्काची पातेली आणि पृथ्वीचं कवच

पिंप्राळा, जळगाव
शनिवार, १० एप्रिल १९७१

तीर्थरूप अक्का,

चुडामणचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. ऊन आत्तापासूनच असं आहे की दुपारी सायकलच्या सीटवर बसवत नाही. सुधाच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. आत्या म्हणून तुझं नाव सगळ्यात वर घातलंय. तू येणार नाही म्हणून कळवलंस, तरी घातलंय. तुझा गुडघा कसा आहे?

शांतीलालशेठ, तुम्ही नेहमीसारखं दुकानाच्या ओट्यावर बसून हे पत्र अक्काला वाचून दाखवत असाल. पुढचा भाग जरा हळू वाचा. समोर गिऱ्हाईक असेल तर आधी त्याचा गूळ बांधून द्या.

अक्का, मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणजे काय करतो, हे तुला कधी सांगितलं नाही. आपण जिच्यावर राहतो ती पृथ्वी आतून सारखी नाही. वर पातळ, कडक कवच. त्याखाली जाड थर, त्याला प्रावरण म्हणतात. मधोमध गाभा, तापलेला. नाशिकच्या शिक्षकांच्या शिबिरात एका प्राध्यापकांनी नवीनच सांगितलं, की हे कवच अखंड नाही. ते तडकलेलं आहे आणि त्याचे मोठमोठे तुकडे हळूहळू सरकतात. आपला सगळा देश, तुझ्या धुळ्यासकट, वर्षाला दोन-तीन बोटं उत्तरेकडे जातो. पुढचा तुकडा अडवतो, म्हणून हिमालय वर उचलला गेला. तीन वर्षांपूर्वी कोयनेला भूकंप झाला तेव्हा मुलांनी कारण विचारलं होतं आणि मला देता आलं नव्हतं. (कोयनेचं कारण वेगळंही असेल, त्यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. उगाच माझ्या नावावर चुकीचं नको.)

फेब्रुवारीत शाळेची तपासणी ठरली. हाच धडा घ्यायचा, असं मी ठरवलं. नमुना हवा होता. कवठ घेऊन पाहिलं. कवच छान, पण आत गाभाच वेगळा निघेना. आंब्याला कोय असते, पण साल तडकत नाही. तिन्ही गोष्टी एकाच जागी देणारी वस्तू देवानं एकच केलीय.

शेठ, माफ करा. अंडं.

उकडलेलं अंडं, अक्का. टेबलावर हलकंच आपटलं की कवच तडकतं, तुकडे जागच्या जागी राहतात आणि बोटानं दाबले की एकमेकांवर चढतात. सुरीनं मधोमध कापलं की पांढरं प्रावरण, पिवळा गाभा. प्रमाण पाहता कवच जरा जाडच, पण तेवढं मी मुलांना सांगितलं.

तपासणीसाहेब म्हणाले, "गुरुजी, जमीन सरकते असं पुस्तकात नाही."
मी म्हणालो, "साहेब, पुस्तक छापल्यानंतर सरकली."
मुलं हसली, साहेबही हसले. शेऱ्यात त्यांनी 'नमुना उत्तम' असं लिहिलं. नमुना मात्र परत मिळाला नाही. नंतर शिपायानं सांगितलं, साहेबांनी त्याच्याकडे मीठ मागितलं होतं.

इथवर लिहून मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो. आता पुढचं.

ते अंडं शेजारच्या बेबाबाईंच्या खुराड्यातलं. तू तेव्हा आमच्याकडे राहायला आली होतीस. तपासणीच्या दिवशी पहाटे तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी ते घरीच उकडलं. तुझ्या भावजयीची, कुंदाची, सगळी भांडी घासायला पडली होती. कोपऱ्यात तुझी पातेली पालथी होती, माळ घातल्यापासून तू धुळ्याहून बरोबर आणतेस ती. अंडं बुडेल इतकीच, मापाची. नंतर मी ती राखेनं तीन वेळा घासली. काठाखालचा कवचाचा तुकडा मला दिसला नाही.

तुला तो खिचडीत दिसला. तू तो दोन बोटांत धरून कुंदाकडे पाहत ओरडलीस, "मनी पातेलीमा अंडं! हाई इनंच काम शे!" कुंदानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्राकडे पाहिलं. तू न जेवता एसटीनं निघून गेलीस.

अक्का, मी वीस वर्षं रोजनिशी लिहितो. चहात दुसऱ्यांदा साखर घेतली तरी त्यात नोंद असते. त्या दिवशीच्या पानावर फक्त 'तपासणी चांगली झाली' एवढंच आहे. ते पान मी रोज उघडतो आणि मिटतो.

मग तुझं कार्ड आलं. शेठच्या वळणदार अक्षरात: 'कुंदाच्या हातचं पाणी मी यापुढे पिणार नाही. ओट्यावर बसलेल्या सर्वांचंही हेच मत आहे.'

कुंदा या गुरुवारी पहिल्या एसटीनं तुझ्याकडे यायला निघणार आहे. तिनं नवी पातेली घेतलीय, कल्हई करून. तुझी माफी मागणार आहे. मी म्हटलं, "अगं, पण तू काही केलंच नाहीस." तर म्हणाली, "मग कोणी केलं ते तुम्ही सांगा ना अक्काला. तुमचं तोंड उघडत नाही, म्हणून मी निघाले. सुधाच्या लग्नात आत्या हवी."

म्हणून हे पत्र. सोमवारी सकाळी टाकतो, बुधवारपर्यंत तुला मिळावं.

ती आली की तिला माफी मागू देऊ नकोस. ती उंबऱ्याशी चप्पल काढेल, तेवढ्यात तिच्याकडे तांब्याभर पाणी माग. आणि पी.

माझं काय करायचं ते लग्नाला आलीस की सगळ्यांदेखत कर.

शेठ, एक विनंती. मघाशी हळू वाचा म्हणालो, ते चुकलं. कुंदाला नाव ठेवलं गेलं ते तुमच्याच ओट्यावर. तेव्हा पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचा, मोठ्यानं. गिऱ्हाईक असेल तर त्याला थांबवून घ्या.

अंडं उकडणारा, तुझा धाकटा भाऊ,
चुडामण