नवरा आत आहे

६ जानेवारी

त्या सकाळी पाणी लवकर आलं होतं. पिंप भरलं, कुकर लावला, खाली निर्मळच्या भाजीवाल्याची स्कूटर आली म्हणून पळत जाऊन मुळे आणि केळी घेतली, वर येऊन ह्यांचे बनियन भिजवले. हे आत दाढी करत होते. बंद दाराबाहेरून विचारलं, "बारावीला बाहेरून बसू का?" नळ बंद झाला. थोड्या वेळाने आतून, "बघू." मी मुळे किसायला बसले.

काही विशेष सकाळ नव्हती. हे जाऊन आता दोन वर्षं होतील. आज तालमीत बसल्याबसल्या ती आठवली.

नाटक मीच सुचवलं, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार. २६ जानेवारीला सोसायटीच्या महिला मंडळाचा कार्यक्रम. दरवर्षी तेच नाच. हे नाटक मला वाचनालयाच्या मागच्या कपाटात मिळालं. शंभर वर्षांपूर्वीचं, एका बाईने मुलींच्या शाळेच्या संमेलनासाठी लिहिलेलं. लेखिका म्हणून नुसतं 'सौ.' आणि नवऱ्याचं आडनाव. तिला घरात काय हाक मारत कोण जाणे. मी 'बाई' म्हणते.

नाटकात एकही पुरुषपात्र नाही. तेव्हा बायकांनी पुरुषांबरोबर रंगमंचावर उभं राहायचं नाही. बाईंनी काय केलं, नवऱ्याला आत ठेवलं. तिन्ही अंक तो आतच.

८ जानेवारी

तालीम बरी झाली. हॉलमध्ये मागे एक खोली आहे, कॅरमबोर्ड आणि मोडक्या खुर्च्या ठेवतात ती. तिचं दार म्हणजे नवऱ्याच्या खोलीचं दार.

सुनेला मास्तरणीचं शिकायला जायचंय. जी ती तिला म्हणते, त्याला विचार. सासू चहा घेऊन आत जाते, बाहेर येऊन सांगते, तो नको म्हणतोय. विधवा नणंद पाणी घेऊन जाते, बाहेर येऊन सांगते, तो काहीच बोलला नाही. खरं कोण, कळत नाही. शेवटी सून स्वतः आत जाते. बाहेर येते, सूप घेऊन तांदूळ निवडायला बसते, म्हणते, "उद्या मला लवकर निघायचंय." पडदा.

सून झाली आहे बी विंगमधली सुप्रिया. बँकेत आहे, लग्नाला वर्षही नाही. सासू आमची रोझी, माहेर भुईगावचं, आवाज चर्चच्या गायनात तयार झालेला. म्हणते, "तीस वर्षं सून होते बाय, आता घ्या म्हणावं."

नणंद मी. मंडळाची अध्यक्ष मीनल म्हणाली, "काकू, तुम्हीच करा. तुम्हाला मेकअपही नको." सगळ्या हसल्या. मीही. घरी आल्यावर मात्र

असो.

११ जानेवारी

त्या काळच्या बायकांची अजून दोन नाटकं आणली. एकात सून झिजून मरते, मग सासूला पश्चात्ताप होतो. दुसऱ्यात नवरा शेवटच्या पानावर सुधारतो आणि सगळे त्याच्या पाया पडतात. तिथे मला झोप आली.

दोन्हींच्या सुरुवातीला लेखिका माफी मागते, घरकामातून वेळ काढून लिहिलंय, चुका पोटात घाला. आपल्या बाईंनी माफी मागितलेली नाही. सासूला दुष्टही केलेलं नाही. तिलाही आयुष्यभर आत जाऊनच विचारावं लागलं, एवढं एका वाक्यात सांगून टाकलंय. रोझी ते वाक्य दर वेळी घाईत उरकते. तिला सांगितलं, सावकाश घे. म्हणाली, "सावकाश घेतलं की रडू येतं गं. म्हणून पळवते."

१४ जानेवारी

संक्रांत. हॉलमध्ये हळदीकुंकू म्हणून तालीम नाही. मीनलने तिळगूळ आणि वाणाचा डबा घरी पाठवला. डबा चांगला आहे.

१७ जानेवारी

आज डोकं फिरलं.

मीनल म्हणाली, "शेवट कळत नाही हो काकू. तो हो म्हणाला की नाही?"

मी म्हटलं, "तेच तर नाटक आहे."

"लोकांना काय वाटेल? विसरल्या डायलॉग, असं वाटेल."

मग तिने सांगितलं की तिचे मिस्टर, विवेकराव, नवऱ्याचं काम करणार. ऑफिसच्या नाटकात त्यांना बक्षीस मिळालेलं. शेवटी ते खोलीतून बाहेर येतील, सुनेच्या डोक्यावर हात ठेवतील, म्हणतील, जा, शीक, माझी परवानगी आहे. भाषण त्यांनीच लिहिलंय. दीड पान. त्यात 'नारीशक्ती' आहे.

मी म्हटलं, "हे पुरुष नसलेलं नाटक आहे. बाईंनी मुद्दाम तसं लिहिलंय."

"तेव्हा नाइलाज होता काकू. आता कुठे तसं आहे? आता आमचे मिस्टर लोक किती सपोर्ट करतात."

मी सुप्रियाला विचारलं, तुला काय वाटतं. म्हणाली, "बघू ना काकू, करून बघू."

बघू.

१८ जानेवारी

विवेकराव तालमीला आले. माणूस वाईट नाही, सगळ्यांसाठी वडापाव आणले. खोलीत खुर्च्यांमध्ये बसून राहिले आणि नको तिथे खोकले. विचारलं तर म्हणाले, "कॅरेक्टर एस्टॅब्लिश करतोय." रोझी म्हणाली, "साहेब, आत मच्छर असतील, ओडोमॉस लावून बसा." मला हसू आवरेना.

पण ते बाहेर आले आणि भाषण केलं तेव्हा खुर्च्या लावणाऱ्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. आम्ही तिघींनी तीन अंक जे ओढलं, ते दीड पानात त्यांचं झालं. सुप्रिया त्यांच्या पायाशी वाकली. नाटकात हे कुठेच नाही. मीनल म्हणाली, छान दिसतंय.

कदाचित त्या दुसऱ्या नाटकाच्या लेखिकेलाही कोणी मीनल भेटली असेल. शेवट गोड कर म्हणाली असेल. उगाच तिच्यावर चिडले.

२० जानेवारी

मीनलकडे जाऊन नीट बोलले. म्हटलं, तो बाहेर आला की सगळं त्याचं होतं. तो आत आहे तोवर बायकांना एकमेकींकडे बघावं लागतं. तिने पोहे केले, ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, रागावू नका, पण तुम्ही एकट्या असता, तुम्हाला हे सगळं फार लागतं."

एकटी असते ते खरं. काल स्वयंपाकघरातून आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, भाकरी की पोळी? मग दोन्ही केलं नाही, भात टाकला. आत कोणी नसलं तरी बाई आत विचारत राहते. हे मीनलला कसं सांगू?

ह्यांनी मला कधी नाही म्हटलं नाही. ते मी सगळ्यांना सांगते. हो कधी म्हणाले, ते आठवत बसले तर

आणि तरी ते आत असायचे, आणि मला त्याचं बरं वाटायचं. दोन्ही खरं आहे. विवेकरावांच्या भाषणात ह्यातलं काही नाही.

२२ जानेवारी

नणंदेचं काम सोडते म्हणून सांगायला निघाले होते. जिन्यात सुप्रिया भेटली, ऑफिसातून येत होती, दमलेली. म्हणाली, "काकू, पायाशी वाकायचं तेवढं काढायला सांगाल?"

म्हटलं, "तू सांग."

"घरी आधीच म्हणतात, नाटक कशाला. त्यात मीनलताईंना उलट बोलले तर..." आणि मग, "मी नवऱ्याला विचारलं, त्यांनी सांगावं का. ते म्हणाले, बघू."

मी काम सोडलं नाही.

२३ जानेवारी

परवा रंगीत तालीम. रोझीला विचारलं, तू कोणाच्या बाजूने. म्हणाली, "मी सासू. सासू नेहमी मुलाच्या बाजूने." मग पिशवीतून खजुऱ्या काढून दिल्या, नाताळच्या उरलेल्या. "खा. आणि जास्त विचार नको करू. तू विचार करतेस तेव्हा तुझा चेहरा फादरसारखा होतो."

मीनलचा मेसेज: विवेकरावांचं भाषण अडीच पानं झालंय, वेळ वाढेल, म्हणून सासूचं ते एक वाक्य काढलंय. नेमकं तेच वाक्य.

रोझीला फोन केला. वाक्य काढल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "ते माझं होतं गं."

२४ जानेवारी

दिवसभर घरात. लुगड्याला इस्त्री केली. बाईंचा शेवटचा अंक पुन्हा वाचला, मोठ्याने. शेजारचे काय म्हणतील ते म्हणोत. तिला संमेलनात हे करू दिलं असेल का? टाळ्या पडल्या असतील की हॉल गप्प झाला असेल? कुठे लिहिलेलं नाही.

मीनलशी भांडावंसं वाटत नाही. तिची लेकही बारावीला आहे.

२५ जानेवारी

रंगीत तालमीला गेले. मीनलने काढलेलं वाक्य रोझीने म्हटलं, सावकाश. मीनल मध्ये बोलली नाही. शेवटच्या प्रवेशात सुप्रिया आतून बाहेर आली आणि सूप घेऊन बसली. विवेकराव आत चष्मा पुसत होते. मी उठले, खोलीचं दार ओढून बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसले. सुप्रियाला म्हटलं, "हं, बोल."