अक्कांच्या गाडीचं छत

५ नोव्हें.
कांचनअक्का गॅरेजवर आल्या. यजमान गेल्यापासून त्यांची जुनी लाल स्पोर्ट्स कार झाकून उभी. दोन सीटची, छातीएवढीही उंच नाही. अक्कांचे दोन्ही गुडघे बदललेले, वाकून आत शिरता येत नाही.
"मुश्ताकभाई, मला ती चालवायचीय. त्यांनीच शिकवली होती."
म्हटलं, दाराबरोबर वरचं छतही उघडेल असं करू. उभ्यानं पाय टाका, मग टेका. बोलून गेलो. पण जमेल.

७ नोव्हें.
धुळ्याहून त्यांच्या मुलाचा फोन. "बाबूजींची गाडी आहे. एकदा कापली की गेली."
खोटं नाही. अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाबूजी गाडी पुजायचे नाहीत, पळवायचे. कापा. गाडी माझ्या नावावर आहे."

८ नोव्हें.
आपले वेल्डर निंबाआबा गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "छत कापशी ते बठ्ठी गाडी वाकी जाई."
सगळी गाडी वाकू नये म्हणून आधी आतून पाइपचा सांगाडा. कापणं नंतर. आबांची मान हलली.

१४ नोव्हें.
कापलं. खूण तीनदा तपासली. छताचा तुकडा दाराला जोडून दार लावलं. फट सगळीकडून सारखी! आबांनी फटीवरून बोट फिरवलं आणि अवजारं आवरायला घेतली. म्हणजे पसंत.

१९ नोव्हें.
वरून नळीनं पाणी सोडलं. सीटवर थेंब. रबर काढलं, जाड लावलं. पुन्हा पाणी. कोरडं. असं काम जळगावात दुसरं कोणी करून दाखवावं.

३ डिसें.
रंग झाला. बदलाची आरटीओत नोंदही झाली.
अक्का बसल्या, कोणाचा हात न धरता. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, मग आरसा आपल्या उंचीला लावला. मी उगाच काच पुसत राहिलो.

८ डिसें.
अक्का सकाळी एकट्याच धुळ्याला निघाल्या, मुलाला दाखवायला. पारोळ्यापर्यंत मागून येतो म्हटलं, तर "मागे कशाला? मला चालवता येते."
साडेअकराला फोन.
"पोचले. छान चालली."
"आणि तुमचा मुलगा?"
"गॅलरीत उभा आहे. वरूनच बघतोय. मी हॉर्न दिला."
"तुम्ही वर जा ना, अक्का."
"मी नाही जात. बाजूची सीट त्याच्यासाठी रिकामी ठेवलीय. थांबा, आत गेला वाटतं... खाली यायला चप्पल घालतोय, की दार लावून घेतोय, काय माहीत. ठेवते."