श्रावणातला स्टीलचा पेला

मंगळवार, श्रावणाचा सहावा दिवस
कोथरूड

ह्यांनी श्रावण पाळलाय. म्हणजे महिनाभर दारू बंद. खरं तर मला आनंद व्हायला हवा. तीस वर्षं मीच कानीकपाळी ओरडत आलेय, रोज कशाला लागते?

एरवी ऑफिसातून आले की सातला हे बाल्कनीत बसतात, स्टीलच्या पेल्यात दोन पेग घेऊन. स्टीलचा अशासाठी, की समोरच्या बिल्डिंगला ताक वाटावं. रोज संध्याकाळी ताक! समोरचे काय दुधखुळे आहेत? पण बसले की हाक येते, "ये गं, टेक जरा." मग माझा गुडघा कसा आहे ते विचारतात. मी सांगते. आणि ऐकतातही.

गेले पाच दिवस हाक नाही. सात वाजले की नुसत्या येरझाऱ्या, मग टीव्ही, परत येरझाऱ्या. पेला फळीवर पालथा. हा माणूस ऑफिसातून खरा घरी येतो तो त्या पेल्यापाशी, हे मला इतक्या वर्षांत कळलं कसं नाही?

आज राहवेना. मीच तो पेला पाण्याने भरला, बर्फ टाकला, वाटीत खारे शेंगदाणे घेतले आणि बाल्कनीत नेऊन ठेवलं.

"काय आहे यात?"

"पाणी. बसा गपचूप."

बसले. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. दुसरा घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, "गुडघा काय म्हणतोय गं तुझा?"

पाण्यानेही चढते म्हणायची.