पू न धरलेली जखम

१८ ऑक्टोबर १३१४, संत लूकचा दिवस

बित्तीनोच्या मांडीत सुरा! बोलोन्यात विद्यापीठ उघडलं की विद्यार्थ्यांच्या मारामाऱ्या ठरलेल्याच. त्याच्या वैद्यकाच्या गुरुजींनी मलम पाठवलं — जखम उघडी ठेवा, पू धरू द्या, शरीरातला वाईट रस त्यातूनच जातो, असं जुन्या ग्रंथात आहे. बित्तीनोने माझं मनगट धरलं.

"ताई, मलम नको. दारूने धू आणि शिव. लष्करातला शस्त्रवैद्य तसंच करतो, मी पाहिलंय."

"आणि ग्रंथ?"

"पाय माझा आहे."

धुतली. शिवली. बाबा दाराबाहेर जपमाळ ओढत होते. या घरात पहिलं अक्षर मी गिरवलं, बित्तीनोलाही मीच शिकवलं — आणि ग्रंथाविरुद्ध हातही माझाच! चुकले असले तर पाय जाईल. कदाचित बित्तीनोही.

१९ ऑक्टोबर

ताप नाही. पुन्हा पुन्हा कपाळ चाचपते आहे.

२४ ऑक्टोबर

पट्टी सोडायला हात धजेना. अखेर सोडली. पू नाही! वास आहे तो नुसता दारूचा. कातडीच्या दोन्ही कडा एकमेकींना जाऊन मिळाल्यात. माझा टाका फक्त धरून बसलाय, विणतंय कुणी वेगळंच. आत, अंधारात, कुणी न सांगता. मी गुडघे टेकले.

बित्तीनो म्हणाला, जखमेला नमस्कार करतेस की काय. हो, करते.

११ नोव्हेंबर, संत मार्टिन

सणाचा हंस भाजत होते, तेवढ्यात गुरुजी आले. व्रणावरून बोट फिरवलं. मला जे दिसलं तेच त्यांनाही दिसलं, चेहऱ्यावरून कळत होतं. मग म्हणाले, "जखम वरवरची असणार."

वरवरची! धुताना माझं बोट हाडाला लागलं होतं. पण मी कोण बोलणार?

ते गेल्यावर बित्तीनो म्हणाला, वैद्यकीच्या परवान्याच्या परीक्षेत हे सगळ्या वैद्यांपुढे सांगतो, हवं तर पायच दाखवतो.

१३ डिसेंबर

परीक्षा. सकाळी ग्रंथातला उतारा काढून देतात, संध्याकाळी त्यावर बोलायचं. बित्तीनोला उतारा मिळाला तो जखमांचा! ही देवाचीच योजना.

१४ डिसेंबर

परवाना मिळाला. बाबा सांगत आले — काय ताठ उभा होता, एकदाही लंगडला नाही! आणि काय खणखणीत बोलला, पुवावाचून जखम भरत नाही म्हणून.

दुपारी त्याचा पहिला रोगी आला, हात चिरलेला गाडीवान. मी दारू गरम करायला घेतली.

माझ्याकडे न बघता बित्तीनो म्हणाला, "ताई, मलम आण."