चौथं पार्टिशन आणि आपली दोनशे बारा माणसं

ती. भाऊजी,

नमस्कार. पत्र लिहावं लागतंय, कारण रुग्णालयाच्या सर्व्हरवरचं तुमचं चौथं पार्टिशन मी काल पुसून टाकलं आणि तुम्ही फोन उचलत नाही. गुडघा कसा आहे? ताई आठ दिवसांसाठी माझ्याकडे आल्यापासून तुम्ही वेळेवर जेवत असाल यावर माझा विश्वास नाही. पण विचारायची रीत आहे, म्हणून विचारते.

तर सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचं पार्टिशन झोपलं. रक्ताचे अहवाल बंद. प्रयोगशाळेच्या बाई हाताने लिहिलेले कागद घेऊन दारात उभ्या राहिल्या, त्या हलेनात. दुरुस्तीला कंपनीचा माणूस आला, ज्याला आम्ही ‘बदलूया’ म्हणतो. (कुठलाही बिघाड सांगा, तो आधी ‘बदलूया’ म्हणतो आणि मग ऐकतो.) पार्टिशन उठवायचं तर जपून ठेवलेल्या प्रतीची टेप लावायला हवी, आणि मशीन म्हणे टेप ड्राइव्हच नाही. ड्राइव्ह आमच्या डोळ्यांसमोर, हिरवा दिवा लावून बसलेला. बदलूयाने केबल बदलली. मग अख्खा ड्राइव्ह बदलला. मग त्याला विजेचा संशय आला, आणि शेवटी माझा.

मी त्याला बाजूला बसवलं आणि समजावलं, की बाबा, मशीन एक असलं तरी आत चार पार्टिशनं, म्हणजे चार बिऱ्हाडं आहेत. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळं. न्हाणीघर मात्र एकच, ते म्हणजे हा ड्राइव्ह. एक जण आत असेल तर बाकीच्यांनी दार ठोठावून उपयोग नाही. यादी काढली. ड्राइव्ह चौथ्याकडे, सहा वर्षांपासून! म्हणजे तुम्ही निवृत्त होऊन सर्व्हरची खोली माझ्या ताब्यात दिलीत त्या आठवड्यापासून. नाव काय, तर ‘चाचणी – हात लावू नये’. आम्ही गुणी माणसं. दर वर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी ही ओळ आदराने पुढच्या वहीत उतरवली आणि कशाची चाचणी हे कुणी विचारलं नाही. मागच्या वर्षी तर त्याला जास्तीची मेमरी दिली, तीही प्रयोगशाळेची काढून.

उघडलं, तर आपल्या दोन्ही घराण्यांची वंशावळ. माणसं दोनशे बारा, आणि प्रत्येकापुढे तुमचा शेरा. पडदा मोठा, बदलूयाचा आवाज त्याहून मोठा. ‘धाकटी मेहुणी: हुशार. बोलू दिल्यास थांबत नाही.’ प्रयोगशाळेच्या बाई तीन तासांत पहिल्यांदाच हसल्या. मी हसले नाही.

आणि खाली एक ओळ लुकलुकत होती: ‘कृपया दुसरी टेप घाला.’ एवढंच, भाऊजी. तुम्ही प्रत काढायला लावलीत, पहिली टेप भरली, तुम्ही तुमच्या निरोप समारंभाला गेलात, आणि ते बिचारं सहा वर्षं ड्राइव्ह धरून दुसऱ्या टेपची वाट पाहत बसलं. मी घातली. अकरा मिनिटांत काम उरकून त्याने ड्राइव्ह सोडला. पावणेचारला प्रयोगशाळा उठली. बदलूया जुना ड्राइव्ह परत बसवत होता, तेव्हा मी त्याच्याशी बोलले नाही. बोलायला लागले तर थांबत नाही म्हणे.

चौथं पुसलं, मेमरी जिची तिला दिली. तुमचं लेखन टेपांवर आहे. घरी टेप वाचता येणार नाही, म्हणून छापूनही घेतलं. मी माझ्या नावापलीकडे काही वाचलेलं नाही.

तुमची मेहुणी

ता. क. मोठ्या आत्यांचं वय सात वर्षांनी चुकलंय. साडूंबद्दलचं सगळं बरोबर आहे.

ता. क. दुसरा, आणि पत्राचं खरं कारण हेच. दोनशे अकरा माणसांपुढे शेरा आहे. पान नऊवर ताईच्या नावापुढे फक्त ‘हिच्याबद्दल सवडीने’. पाकीट तिच्याच हाती पाठवायचं आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत एक बरी ओळ कळवा, मी पान बदलून ठेवते.

ता. क. तिसरा. दुसरा रद्द. ताई आत्ताच खोलीत आली होती. सुपूर्द केलं ते असं: टेपा, दोन. छापील प्रत, एकतीस पानं. निळं पेन, एक. पेन पान नऊ वाचल्यावर तिने मागून घेतलं आणि तुमचं पान कितवं ते विचारलं. मिळाल्याची सही घेतली आहे. पेन अजून परत आलेलं नाही.