गिंगावर कोसळलेला जावई

तीर्थरूप मोठे काका,

मिसुझुचा वाकून नमस्कार. इकडे त्सुयामात शेवंती फुलली आहे, सकाळी गारठा असतो. तुमचे गुडघे कसे आहेत? (मागच्या पत्रात उजव्याची चौकशी केली, डाव्याची राहिली, मनाला लागून राहिलं आहे.) विचारपूस पुरती झाल्याशिवाय कामाचं बोलू नये, ही तुमचीच शिकवण. शाळेआधी अक्षरंही तुम्हीच गिरवून घेतलीत.

गेल्या रविवारी शुंपेई मला रीतसर मागणी घालायला आले. काळा सूट, हातात मिठाईची पेटी. बाबांनी नोकरी विचारली, आईवडील विचारले आणि मग अगदी सहज विचारलं, "लहानपणी घरी व्हिडिओ गेम कोणता होता?"

आपलं गिंगा यंत्र तुम्हीच आणलंत, एक आमच्याकडे, एक तुमच्याकडे. बाकीची सगळी यंत्रं लवकरच भंगारात जातील, असं म्हणाला होतात. त्याच हिवाळ्यात गिंगाची कंपनी बुडाली. वर्गात सगळ्यांकडे ते दुसरं यंत्र, मुलं आपसांत कॅसेटी बदलायची, आणि मी घरी एकटी मागूर मासा गळाला लागायची वाट बघायचे (गिंगावर तेवढा एकच खेळ धड चालायचा, मासा कधीच लागला नाही). यंत्र तापायचं फार, त्यामुळे पोरं म्हणायची, "ए गिंगावाली, हात शेकायला येऊ का?" तरी बाबांनी त्या दुसऱ्याचं नाव घरात काढू दिलं नाही.

शुंपेई खोटं बोलत नाहीत. (मला आवडतं ते हेच, त्या क्षणी नाही आवडलं.) "दुसरं होतं," म्हणाले. बाबा उठले, गिंगा आणून त्यांच्यापुढे ठेवलं. "मासा पकडा. मग बोलू."

शुंपेई चटईवर पाय दुमडून खेळत बसले. पाहुण्याला "मोकळे बसा" म्हणायचं असतं, ते बाबा म्हणाले नाहीत. आणि कुणी म्हटल्याशिवाय शुंपेई पाय सोडणारे नव्हेत. दिवेलागणीला मासा लागला! बाबांचे डोळे भरून आले. "दिली मुलगी," ते म्हणाले. आभार मानायला शुंपेई ताडकन उठले, पण पाय केव्हाच बधिर झालेले. ते थेट गिंगावर कोसळले.

"त्या दुसऱ्या यंत्रवाल्यांच्या माणसानं गिंगाला संपवलंच शेवटी," बाबा म्हणाले.

"अहो, मुलगी द्यायचीय की यंत्र?" आईनं विचारलं.

"मुलगी धडधाकट आहे. गिंगाचं बघ काय झालं! ते सुरू होईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही."

असो. मागणं काहीच नाही, सहज लिहिलं. काकूंना नमस्कार.

तुमची,
मिसुझु

ता.क. तुमच्याकडचं गिंगा रविवारच्या आत कुरिअरनं पाठवाल का?

ता.क. २. लहानपणी लपाछपी खेळताना तुमच्या गाद्यांच्या कपाटात मला ते दुसरं यंत्र दिसलं होतं. मी कुणालाही सांगितलेलं नाही. पुढेही सांगायची इच्छा नाही. गुडघे जपा.

ता.क. ३. घरातून जाणारं पत्र बाबांना दाखवायचं, ही शिस्तही तुमचीच. दाखवलं. वरची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, "दादाला लिही, आपण दोघांनी मिळून घेतलं होतं ते. महिनाभर ठेवतो म्हणाला, अजून माझी पाळी आली नाही. रविवारी घेऊनच ये म्हणावं. आणि शुंपेईलाही बोलव. दादा ज्यावर अडकलाय तो तिसऱ्या टप्प्यातला पूल कसा ओलांडायचा, त्याला ठाऊक असेल."