तासाला साडेसातशे

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
बावीस वर्षं सांगलीत आर्किटेक्ट साहेबांच्या ऑफिसात बंगल्यांचे नकाशे मी काढले, सह्या साहेबांनी केल्या. फी स्क्वेअर फुटावर. माणसाची अक्कल फुटावर मोजायची? अक्कल म्हणजे काय फरशी आहे? शी! शनिवारी नोकरी सोडली. आजपासून फ्रीलान्स. दर तासावर.
हिशेब : आठ तास, सव्वीस दिवस, बारा महिने. दर साडेसातशे. वर्षाला अठरा लाख बहात्तर हजार. पुन्हा केला, तेवढेच आले. पगार होता बत्तीस हजार. तेवढ्याला महिन्याला त्रेचाळीस तास पुरे. उरलेला वेळ चिंतन.
चंदनाला सांगितलं. बायकोने शिलाई मशीन काही थांबवलं नाही. म्हणाली, दसऱ्यापर्यंत बघा. साहेबांनी तुमची खुर्ची तोवरच रिकामी ठेवलीय. तोवर एका पगाराइतके पैसे घरात आले तर मी तोंड उघडणार नाही. नाही आले तर गपगुमान परत जायचं.
मान्य. चाळीस दिवस आहेत. मला तर पंधरवडा पुरे.

४ सप्टेंबर, बुधवार
दारावर बोर्ड लावला. ‘गोमटेश : आर्किटेक्चरल कामे. प्रति तास रु. ७५०.’ खाली चंदनाचा जुना बोर्ड : ‘फॉल-पिको ८०.’ दिवसभरात तिच्याकडे नऊ बायका.
माझ्याकडे शेजारचे रामगोंडाअण्णा. बराच वेळ बोर्ड वाचून म्हणाले, तासाला काय देतोस रं? ट्रॅक्टर घेतलास का काय? शिक्षण नाही, दुसरं काय.

६ सप्टेंबर, शुक्रवार
पहिला क्लायंट! सुभेदार आकाराम, फौजेतून रिटायर. लोणंदजवळ गावाकडे बंगला बांधायचाय. दसऱ्याला पाया खोदायचा. फोनवर दर सांगितला. मग म्हणाले, जेसीबीवाला तासाला बाराशे घेतोय. डिझेल त्याचं, डायव्हर त्याचा. तुमच्यात काय काय येतंय? मी म्हटलं, मेंदू. ते म्हणाले, मग साडेसातशे बराबर हाय.
एक पैसाही घासाघीस नाही! चंदनाला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघते की.

१० सप्टेंबर, मंगळवार
लोणंदला साइट व्हिजिट. येऊन-जाऊन रेल्वेने आठ तास. म्हणजे सहा हजार वाटेतच कमावले, असं खिडकीशी बसून मोजत गेलो.
सुभेदारांकडे फौजी वही. मी फाटकातून आत आलो ती वेळ लिहिली, मोजमाप सुरू केलं ती वेगळी लिहिली. अशी शिस्त पाहिजे. प्रवासाचे तास सांगितले तर म्हणाले, जेसीबी रस्त्यानं येतो तवा मीटर बंद असतोय, साहेब. बकेट मातीला लागलं की चालू. चहा आला, त्यांनी घड्याळ पाहिलं. जेवणाला पुन्हा पाहिलं. मी जागतिक राजकारणावर बोललो, तेव्हाही पाहिलं.
‘साहेब’ म्हणाले, हे महत्त्वाचं.

१२ सप्टेंबर, गुरुवार
दशलक्षण पर्व चालू आहे, आज उत्तम सत्याचा दिवस. नेमका आजच सुभेदारांना टाइमशीट पाठवायचा होता. सकाळी लिहिलं : ९ ते ५, डिझाइन. मशीनवरून चंदनाचा आवाज आला, आज सत्याचा दिवस हाय, बरं का.
सत्य वजा करत गेलो. पेपर. मामांचा फोन. पुढे घ्यायच्या गाडीचा रंग ठरवणं. दुपारची झोप (आधी ‘कन्सेप्ट’ असं लिहिलं होतं). राहिली चाळीस मिनिटं.
तेवढीच पाठवली. धर्मापुढे काय करता? पण धर्माने फ्रीलान्सरचा विचार केलेला नाही, हे नोंदवून ठेवतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार
वीट आला. सुभेदारीणबाई रंगूबाई यांनी स्वयंपाकघर पाच वेळा फिरवलं. पूर्वेला, मग अंगणात, मग परत पूर्वेला. मनात म्हटलं फिरवा, मीटर चालू आहे. सुभेदारांचा फोन : पहिलंच बराबर होतं नव्हं? जेसीबीनं खड्डा चुकीचा काढला तर बुजवायचं पैसं आमी देत न्हाई.
रागाच्या भरात ठरवलं : दिवाळीपासून दर हजार. या माणसांना स्वस्तातली वस्तू कळतच नाही.

३० सप्टेंबर, सोमवार. दुपारी
साहेबांचा फोन. खुर्ची अजून तुझीच आहे, म्हणाले. मी पंचवीस मिनिटं त्यांना तासाच्या दराचं तत्त्व समजावलं. माणूस खुर्चीत बसतो किती, काम करतो किती. पैसे कामाच्याच तासाचे. चहा, गप्पा, झोप वजा. सुभेदारांची वहीची पद्धतही सांगितली. माझे कान तिखट आहेत, पलीकडे पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. बावीस वर्षांत माझं बोलणं त्यांनी पहिल्यांदा लिहून घेतलं.
फोन ठेवल्यावर लक्षात आलं, या पंचवीस मिनिटांचं बिल लावता आलं असतं. सोडून दिलं. मोठं मन.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा
साइटवर पूजा. जेसीबीवाल्या कोंडीबाने सकाळी सातला बकेट मातीला लावलं, एकला मीटर दाखवला. सहा तास. सुभेदारांनी जागेवर बहात्तरशे मोजले, वर टॉवेल-टोपी-नारळ.
मग वही उघडून माझं वाचलं. चारचौघांत, खड्या आवाजात. पहिली व्हिजिट, एक तास वीस. दुसरी, पन्नास मिनिटं. घरचं काम तुमच्याच कागदाप्रमाणं चार तास. आज तुमी पाव्हणं, मीटर बंद. एकूण सहा तास दहा मिनिटं. चार हजार सहाशे पंचवीस. दहा मिनिटांचे सव्वाशेसुद्धा सोडले नाहीत. इमानदार माणूस, काय बोलणार! किळस आली ती याचीच, की भांडायला जागाच ठेवली नव्हती.
टॉवेल मलाही दिला.
कोंडीबाने स्टेशनपर्यंत सोडलं. त्याच्यावर जळत होतो. विचारलं, सहा तासांत बहात्तरशे, मजा आहे गड्या तुझी. तो हसला. आवं कुठलं, मशीन मालकाची हाय. मी पगारी. म्हैन्याला अठरा, आन् दिवाळीला बोनस. पगार लय बरा बघा, झोप लागती.

रात्री ८
पैसे चंदनापुढे ठेवले. तिने मोजले नाहीत, तोंडही उघडलं नाही. आपल्या ड्रॉवरातून रेल्वेच्या खर्चाचे काढून दिले आणि फोन पुढे सरकवला.
साहेबांना फोन केला. म्हणाले, सोमवारी ये, खुर्ची आहे. मात्र तुझी आयडिया मला फार आवडली. या महिन्यापासून ऑफिसात सगळ्यांनाच तासावर ठेवलंय. तासाला दीडशे. दारात वही ठेवलीय. चहा, गप्पा, झोप वजा.
म्हणजे तत्त्व शेवटी मान्य झालं. दराचं नंतर बघू.
आयडिया कुणाची, हे साहेबांनी सगळ्यांना सांगितलंय. ऑफिसातली पाचही माणसं सोमवारी माझी वाट बघताहेत म्हणे.
मंगळवारी जावं का?